रशियन उमरावांच्या वंशावळी

टॉलस्टॉयची एखादी कादंबरी वाचावयास घेतली म्हणजे आपला मराठी वाचक पहिल्या पन्नास पानांतच नांवांच्या रानांत वाट चुकतो. एकाच मनुष्यास कोणी एका नांवानें हांक मारतो, कोणी दोन नांवें जोडून बोलावतो, तर तिसरा नुसतें आडनांव घेतो. परंतु थोडा विचार केला तर असें दिसून येईल कीं, या एका बाबतींत रशियन लोक आपले अगदीं जवळचे आहेत. प्रथम स्वतःचें नांव, मग बापाचें नांव आणि शेवटीं कुळाचें आडनांव, ही जी आपली रीत तीच त्यांची रीत. सेर्गेई द्मित्रियेविच शेरेमेत्येव म्हणजे शेरेमेत्येव कुळांतील द्मित्रीचा मुलगा सेर्गेई. दोन पिढ्यांची वंशावळ प्रत्येक रशियन मनुष्य आपल्या नांवांतच घेऊन हिंडत असतो.

श्रोतेहो, याच शेरेमेत्येव घराण्याचें बोट धरून रशियांतील उमरावांच्या वंशावळींची हकीगत मला आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. वंशावळ म्हणजे पूर्वजांच्या नांवांची यादी, इतकाच अर्थ आपण सामान्यतः घेतों. पण ती यादी कोण मागतो, कशासाठीं मागतो आणि ती दाखविल्यानें पदरांत काय पडतें, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्या यादींत कोणाचें नांव येतें व कोणाचें गळतें हें अवलंबून असतें. रशियाच्या इतिहासांत हीं उत्तरें तीन वेळां पालटलीं. मानासाठीं लिहिलेली वंशावळ पुढें गुन्ह्याचा पुरावा झाली, आणि त्याहि पुढें ती केवळ स्मरणाची वस्तु होऊन राहिली.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील मॉस्कोच्या दरबारांत मनुष्याची जागा त्याच्या कर्तृत्वावरून ठरत नसे. माझा आजा तुझ्या आज्याच्या हाताखालीं कधीं राहिला नाहीं, तेव्हां मी तुझ्या हाताखालीं राहणार नाहीं, असा प्रत्येक बोयार सरदाराचा दावा असे. कोण कोणत्या मोहिमेंत कोणाच्या वर वा खालीं होता याच्या नोंदींचीं पुस्तकें दरबारीं असत, आणि मोहिमेच्या ऐन तोंडावर सेनापति त्यावरून भांडत बसत. त्झारच्या मेजवानींत खालची जागा मिळालेला बोयार तेथें बसण्यापेक्षां मेजाखालीं सरकणें पत्करीत असे. जो दावा हरे त्याला प्रतिपक्षाच्या वाड्याच्या अंगणांत नेऊन उभें करीत. तेथें उभा राहून तो वाटेल तशा शिव्या मोजी आणि वाड्याचा धनी त्या निमूटपणें ऐकून घेई. आपल्याकडील मानपानाच्या तंट्यांची ज्यांना माहिती आहे त्यांना या गोष्टीचें फारसें नवल वाटावयाचें नाहीं.

या तंट्यांनीं सैन्याची दुर्दशा होऊं लागली, तेव्हां १६८२ सालीं त्झार फ्योदोर यानें ही पद्धत मोडून टाकली, आणि तीं भांडणाचीं पुस्तकें अग्नीच्या स्वाधीन करण्यांत आलीं. पण गंमत अशी कीं, एकीकडे हीं पुस्तकें जळत असतां दुसरीकडे घराण्यांच्या वंशावळी जमा करण्याचा हुकूम झाला. मान गेला तरी त्याची आठवण राहावी अशी ती तडजोड होती. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तयार झालेला एक जुना सरकारी वंशग्रंथ पायाला धरून, त्यांत नव्या पिढ्यांची भर घालून जो ग्रंथ सिद्ध झाला, तो त्याच्या तांबड्या मखमली बांधणीवरून ‘मखमली ग्रंथ’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत नांव असणें ही पुढें दोनशें वर्षें अस्सल कुलीनतेची खूण मानली गेली. या ग्रंथांत नांवें येतात तीं प्रायः पुरुषांचीं. आई कोण, बहीण कोण, लेक कोठें दिली, हें विचारण्याचें दरबारास कारण नव्हतें.

अशा वंशावळींत मूळ पुरुष परदेशांतून आला असें सांगण्याची मोठी हौस दिसते. कोणाचा पूर्वज प्रशियांतून येतो, कोणाचा लिथुआनियांतून, तर कोणाचा तार्तारांच्या छावणींतून. यांतील कांहीं गोष्टी खऱ्याहि आहेत. गोलित्सिन आणि त्रुबेत्स्कोय हीं घराणीं लिथुआनियाच्या गेदिमिन राजाचीं वंशज होत, आणि युसुपोव हे नोगाई तार्तारांच्या युसुफ खानाचे. परंतु शेरेमेत्येव आणि राजघराणें रोमानोव या दोघांचा मूळ पुरुष जो आंद्रेई कोबिला, तोहि प्रशियाच्या राजवंशांतला होता अशी जी कथा मागाहून रचली गेली, तिला आधार नाहीं. बखरींत त्याचें नांव एकदांच, १३४७ सालीं, मॉस्कोच्या राजासाठीं त्वेरहून वधू आणावयास गेलेल्या माणसांत येतें. कोबिला म्हणजे घोडी. त्याच्या मुलाचें टोपणनांव कोश्का, म्हणजे मांजर. आणि ज्या नातवापासून शेरेमेत्येवांची शाखा निघाली तो बेझ्झुबेत्स, म्हणजे बोळका! कोल्हे, लांडगे आणि घोडके ज्यांच्या शेजारीं नांदतात त्या आपणांस हीं नांवें परकीं वाटूं नयेत. ज्या कुळाला खरा मूळ पुरुष इतका जिवंत लाभला, त्याला परक्या राजपुत्राची गरज कां भासावी? पण ती भासली खरी.

पीटर बादशहानें १७२२ सालीं या साऱ्या व्यवस्थेला जबर धक्का दिला. त्यानें चौदा श्रेणींचा एक तक्ता काढला आणि असें ठरविलें कीं, नोकरींत आठव्या श्रेणीपर्यंत जो चढेल तो, मग तो कोणाच्याहि पोटीं जन्मलेला असो, वंशपरंपरेनें उमराव व्हावा. पुढें ही पायरी उंच उंच करण्यांत आली. पण दार बंद झालें नाहीं. १७८५ सालीं कॅथरीन राणीनें उमरावांना सनद दिली, आणि प्रत्येक प्रांतांत वंशपुस्तक ठेवावें असा नियम केला. त्याचे सहा भाग असत. राजानें थेट उमराव केलेले पहिल्यांत, लष्करी नोकरीनें झालेले दुसऱ्यांत, मुलकी नोकरीचे तिसऱ्यांत, परदेशांतून आलेले चौथ्यांत, राजे व काउंट असे पदवीधारी पांचव्यांत, आणि शंभर वर्षांहून जुनी कुलीनता सिद्ध करणारे सहाव्यांत. सहाव्या भागांत जावें यासाठीं मोठी धडपड चाले.

मात्र या सर्वांना पुरावा द्यावा लागे. जमिनीच्या सनदा, नोकरीचे दाखले, चर्चमधील जन्मनोंदी हे कागद प्रांतांतून राजधानीच्या कुलखात्याकडे जात आणि तेथें वर्षानुवर्षें पडून राहत. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढें आपल्या दक्षिणेंतील इनामदारांना जुन्या पेट्या उघडून बसावें लागलें, त्याची येथें आठवण होते. कागद सांपडला तर इभ्रत, न सांपडला तर खटपट. आणि खटपटीनें कागद उत्पन्नहि होत! १८९७ च्या शिरगणतींत साम्राज्याच्या सुमारें साडेबारा कोटि वस्तींत वंशपरंपरागत उमराव, बायकामुलें धरून, सुमारें १२ लक्ष २० हजार भरले. म्हणजे शेंकडा एक. त्यांतील एक कुटुंब शाळाखात्यांतील अधिकारी इल्या उल्यानोव याचें. त्याचा बाप अस्त्राखान येथें शिंपीकाम करणारा, मूळच्या भूदासांपैकीं. पण इल्या नोकरींत चढत गेला आणि पीटरच्या तक्त्याच्या पुण्याईनें उमराव झाला. त्याचा मुलगा व्लादिमिर हाच पुढें लेनिन या नांवानें जगास माहीत झाला.

आतां या व्यवस्थेंत खोटेपणा कोठें व कां शिरे, तें एका उदाहरणानें सांगतों. पीटरचा फील्डमार्शल बोरिस शेरेमेत्येव यास १७०६ सालीं काउंट ही पदवी मिळाली. त्याचा नातू निकोलाई हा रशियांतील सर्वांत धनाढ्य पुरुषांपैकीं एक. त्याच्या पदरीं लाखाहून अधिक भूदास होते, आणि त्यांतूनच निवडलेल्या नटनटींचें त्याचें स्वतःचें नाट्यगृह होतें. त्या नाट्यगृहाची मुख्य गायिका प्रास्कोव्या ही एका लोहाराची मुलगी होती. तिला रंगभूमीवर झेम्चुगोवा, म्हणजे मोत्यांची, असें नांव मिळालें होतें. काउंटचें तिच्यावर प्रेम बसलें. १७९८ सालीं त्यानें तिला दास्यमुक्त केलें आणि १८०१ च्या नोव्हेंबरांत मॉस्को येथें गुपचूप लग्न केलें. पण लोहाराची मुलगी काउंटेस कशी व्हावी? म्हणून एक वंशावळ तयार करण्यांत आली. तिच्या बापाचें आडनांव कोवाल्योव, त्याचें झालें कोवालेव्स्की. आणि ती कोणा पोलिश सरदाराच्या कुळांतली असून तिचे पूर्वज दुर्दैवानें दास्यांत पडले, असें ठरविण्यांत आलें.

१८०३ च्या फेब्रुवारींत तिला द्मित्री हा मुलगा झाला, आणि तीन आठवड्यांच्या आंत क्षयानें ती वारली. तिच्या स्मरणार्थ काउंटनें मॉस्कोंत अनाथांसाठीं आश्रम व रुग्णालय बांधविलें. ती इमारत आजहि उभी आहे. त्या द्मित्रीचा मुलगा म्हणजे आरंभीं उल्लेखिलेला काउंट सेर्गेई द्मित्रियेविच. हा मोठा व्यासंगी इतिहासज्ञ होता. त्यानें जुने कागद जमविले, छापविले, आणि जुनीं दफ्तरें प्रसिद्ध करणाऱ्या शाही मंडळाचें अध्यक्षपद भूषविलें. कोबिल्यापासून चालत आलेल्या वंशाचा हा अभिमानी पुरुष एका लोहाराच्या मुलीचा नातू होता.

आणि त्या लोहाराची वंशावळ? तीहि लिहिली जात होती, पण निराळ्या कारणानें आणि निराळ्या वहींत. १७१९ पासून १८५८ पर्यंत डोईपट्टी बसविण्यासाठीं दहा वेळां शिरगणती झाली. प्रत्येक मालकाला आपल्या गांवांतील भूदासांचीं नांवें, वयें, मागील गणतीनंतर कोण मेला आणि कोण जन्मला, हें घरवार लिहून द्यावें लागे. ज्याला स्वतःचें म्हणून कांहींच नव्हतें त्याच्या पिढ्या मालकाच्या नांवाखालीं अशा नोंदल्या गेल्या. आज रशियांत जे आपल्या शेतकरी पूर्वजांचा शोध करतात त्यांना याच वह्या उघडाव्या लागतात. उमरावांच्या अनौरस मुलांची नोंद तर आडनांवांतच दिसते. त्रुबेत्स्कोय यांच्या मुलास पहिलें अक्षर छाटून बेत्स्कोय हें नांव मिळालें, आणि रेप्निन यांच्या मुलास प्निन. बापानें नांव दिलें, पण पुरें दिलें नाहीं!

अशा रीतीनें दोनशें वर्षें ही इमारत वाढत गेली, आणि १९१७ सालीं एका कागदानें ती पाडली. जुन्या पंचांगाप्रमाणें १० नोव्हेंबर व नव्याप्रमाणें २३ नोव्हेंबर या दिवशीं सर्व वर्ग, पदव्या आणि मुलकी श्रेणी रद्द झाल्या. उमराव, व्यापारी, शेतकरी हे शब्द जाऊन एकच नागरिक हा शब्द राहिला. त्या कागदावर सही करणारांत व्लादिमिर उल्यानोव होता, म्हणजे स्वतः वंशपरंपरागत उमराव!

पदवी रद्द करणें सोपें, पण रक्त रद्द करतां येत नाहीं, ही गोष्ट लौकरच दोन्ही पक्षांच्या प्रत्ययास आली. १९१८ च्या नोव्हेंबरांत एका रात्रीं चेका या गुप्त पोलिसांनीं मॉस्कोंतील शेरेमेत्येवांच्या वाड्याला वेढा घातला. चौऱ्याहत्तर वर्षांचे काउंट सेर्गेई आजारानें अंथरुणाला खिळले होते. त्यांचे मुलगे व जांवई धरून नेण्यांत आले. डिसेंबरांत काउंट वारले. पुढल्या वर्षीं दोघा जांवयांना गोळ्या घालण्यांत आल्या. त्झारचा शेवटचा मुख्य प्रधान प्रिन्स निकोलाई गोलित्सिन हा देश न सोडतां राहिला. जोडे दुरुस्त करून त्यानें पोट भरलें, आणि १९२५ सालीं त्यालाहि मृत्युदंड झाला.

या काळांत वंशावळीचा अर्थ उलटा झाला. नोकरी, शाळा, राहण्याची जागा, कशासाठींहि एक छापील तक्ता भरून द्यावा लागे, आणि त्यांत सामाजिक उत्पत्ति हा रकाना असे. बाप कोण होता? १९१७ पूर्वीं त्याची जमीन किती होती? पूर्वीं शंभर वर्षांचा पुरावा जमवितां जमवितां पेट्या रिकाम्या होत. आतां तोच पुरावा घरोघर चुलींत जाऊं लागला. छायाचित्रांतील गणवेश कातरले गेले, आडनांवें बदललीं, आणि कित्येक मुलांनीं आईबापांशीं आपला संबंध नाहीं असें वर्तमानपत्रांत जाहीर केलें. अशांना ‘माजी माणसें’ असें एक नांवच पडलें होतें. १९३४ च्या डिसेंबरांत किरोवचा खून झाला, आणि १९३५ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत एकट्या लेनिनग्राडमधून अशीं अकरा हजारांहून अधिक माणसें, बायकामुलांसह, हद्दपार करण्यांत आलीं.

काउंट सेर्गेई यांचा मुलगा पावेल हाहि इतिहासज्ञ. ओस्ताफ्येवो येथील घराण्याचा वाडा सरकारजमा होऊन संग्रहालय झाला, तेव्हां तो तेथेंच कारभारी म्हणून राहिला. तेथूनहि काढल्यावर तो बायको आणि मुलगा यांसह मॉस्कोंतील नोवोदेविची मठाच्या एका बुरुजांत राहूं लागला. चारी भिंतींशीं वाचविलेलीं पुस्तकें आणि पूर्वजांच्या तसबिरी, असा तो संसार होता. मुलगा वासिली १९४१ च्या महायुद्धांत स्वदेशासाठीं लढावयास गेला. तो परत आला तेव्हां आईबाप दोघेहि निवर्तले होते. तो पुढें चित्रकार झाला आणि १९८९ सालीं वारला. ज्या राज्यानें त्याच्या कुळाचें सर्वस्व हिरावलें त्याच्याच सैन्यांत त्यानें रक्त सांडलें. बुरुजांतील त्या मुलाला आपण कोणाचे हें ठाऊक होतें. पण त्या ज्ञानापासून मिळवावयाचें कांहीं उरलें नव्हतें.

जे देशाबाहेर पडले त्यांची कथा निराळी. १९२० च्या नोव्हेंबरांत क्रीमियाच्या बंदरांतून सुमारें दीड लक्ष माणसें जहाजांनीं निघून गेलीं. पॅरिस, बेल्ग्रेड, बर्लिन, हार्बिन अशा शहरांतून हे निर्वासित पसरले. राष्ट्रसंघाच्या नान्सेन दाखल्याखेरीज त्यांच्याजवळ देशाची खूण नव्हती. पॅरिसमध्यें १९२५ सालीं रशियन उमरावांचा संघ निघाला. मॉस्कोंत १९०४ सालीं वंशेतिहासमंडळ स्थापणारा लिओनिद सावेलोव ग्रीसमध्यें पोहोंचला, आणि १९३४ सालीं त्यानें तेथून ‘नोविक’ हें वंशविद्येचें नियतकालिक काढलें. पुढें तें अमेरिकेंत चालू राहिलें. निकोलाई इकोन्निकोव यानें पॅरिसमध्यें घराण्यांमागून घराण्यांच्या वंशावळी टंकलिखित करून त्यांचे खंडच्या खंड सिद्ध केले. या लोकांना मूळ दफ्तरें पाहण्याची सोय नव्हती. कोणी पत्रें लिहून विचारी, कोणी म्हाताऱ्या आत्याला आठवावयास लावी, कोणी परदेशांतील रशियन चर्चच्या वह्या चाळी. अनेक नांवांपुढें मृत्यूची तारीख घालतां आली नाहीं, कारण मागें राहिलेल्या भावंडांस पत्र धाडणें म्हणजे त्यांच्यावर संकट आणणें होतें.

येथें इतिहासाची एक विचित्र लीला दिसते. ज्या राज्यानें उमराव ही संस्था मोडली त्यानेंच तिचीं दफ्तरें राखलीं. १ जून १९१८ च्या हुकुमानें सर्व जुनीं सरकारी दफ्तरें एका व्यवस्थेखालीं आणण्यांत आलीं. कुलखात्याच्या त्या अगणित फायली आज सेंट पीटर्सबर्ग येथील ऐतिहासिक दफ्तरखान्यांत आहेत, आणि प्रांतांचीं वंशपुस्तकें प्रांतोप्रांतींच्या दफ्तरांत. इतकेंच नव्हे, तर पोलिसांनीं छळासाठीं भरून घेतलेले ते तक्ते हेंहि आतां वंशविद्येचें साधन झालें आहे. १८ ऑक्टोबर १९९१ च्या कायद्यानें राजकीय छळास बळी पडलेल्यांची निर्दोषता मान्य करण्याची सोय झाली आणि त्यांच्या वारसांना त्या फायली पाहण्याचा हक्क मिळाला. आपला आजा कोणाचा मुलगा, कोठें जन्मला आणि कोणत्या दिवशीं मारला गेला, हें पुष्कळांना तेथेंच प्रथम कळलें. वंशावळींतील रिकामी जागा न्यायाधीशाच्या नव्हे, तर शिक्षा देणाराच्या लेखणीनें भरून निघाली.

सोविएत राज्य मावळतां मावळतां, १९९० सालीं, मॉस्कोंत उमरावांच्या वंशजांची एक सभा पुन्हां स्थापन झाली. त्यामागून पदव्या वाटणाऱ्या हौशी मंडळ्याहि निघाल्या, आणि कोवाल्योवाचा कोवालेव्स्की करण्याची जुनी विद्या नव्यानें चालू झाली. पण वाडे आणि जमिनी परत मिळाल्या नाहींत, आणि पदवीला कायद्यांत जागा नाहीं. म्हणून आज जो प्रामाणिकपणें ही वंशावळ शोधतो त्याला तींतून मान, जमीन किंवा नोकरी यांपैकीं कांहींहि मिळावयाचें नसतें.

माझ्या मतें या साऱ्या कथेचें मर्म येथेंच आहे. जोंपर्यंत वंशावळीवर मेजवानींतील जागा अवलंबून होती तोंपर्यंत तींत परदेशी राजपुत्र शिरत, आणि घोडी, मांजर नि बोळका यांची लाज वाटे. जोंपर्यंत तींत शिक्षेचें भय होतें तोंपर्यंत खरीं नांवें चुलींत जात. लोभ आणि भय हे दोन्ही सुटल्यावरच खरें नांव लिहिण्यास हात धजतो. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणाऱ्या मंडळींनींहि हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पराक्रमी पुरुषाचें नांव लिहावें तसें कर्जांत बुडालेल्याचेंहि लिहावें. आणि मुलांच्या नांवांबरोबर मुलींचीं, सुनांचीं व त्यांच्या माहेरचींहि लिहावीं.

काउंट शेरेमेत्येव यांच्या पत्नीसाठीं केलेल्या त्या खोट्या वंशावळीवर आतां कोणी विश्वास ठेवीत नाहीं. तिच्या बापाची जागा पोलिश सरदारानें सोडली आहे आणि तेथें पुन्हां इवान हा लोहार आला आहे. नाहींतरी कोवाल या शब्दाचा त्या बाजूच्या भाषांत अर्थ लोहार असाच होतो.